ऊस तुटल्यावर

सांगली, ३ मार्च २०२५

दादा,

मागचं पत्र तू न फोडता परत पाठवलंस. पाकिटावर सातारच्या तुरुंगाचा शिक्का आणि खाली तुझ्या अक्षरात एकच शब्द, 'नको'. तरी लिहितेय. हेही परत आलं तर पुन्हा लिहीन.

आधी वहिनींचं सांगते. राजेश्वरीवहिनी जगल्या. मिरजेत त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. डावा डोळा गेला. कपाळापासून मागं सोलली गेलेली कातडी डॉक्टरांनी परत बसवली, गालासाठी मांडीची कातडी काढली. जबडा तारांनी बांधलाय, त्यामुळं बोलता येत नाही. नळीनं पेज जाते. मी कॉलेजात रजा टाकून त्यांच्याजवळच असते.

वरच्या मजल्यावर वनखात्याचा अर्जुना आहे. त्याची शुद्ध हरपली आहे आणि श्वास यंत्र देतंय.

तू पोलिसांना सांगितलंस की गर्दीत काही कळलं नाही, बायको रक्तात पडलेली दिसली आणि हा वनखात्याचा माणूस तिथं दिसला, डोकं फिरलं. मी जबाबात वेगळं सांगितलं. म्हणून मी आता तुला नको आहे. ठीक. पण पोलिसांना सांगितलं ते तुलाही एकदा तोंडावर सांगते, कारण त्या दिवसानंतर तू माझ्याकडं बघितलेलंच नाहीस.

मी आणि अर्जुना ओढ्याकडच्या शेतांची पाहणी करून परत येत होतो. गोठ्याकडून किंकाळी आली. अर्जुना धावला, मी मागं. बिबट्याची मादी होती. वहिनींचं डोकं तिच्या जबड्यात होतं आणि ती त्यांना वैरणीच्या गंजीकडं ओढत होती. वहिनींचे पाय मातीत घासत होते. अर्जुनाकडं हातातली काठी सोडून काही नव्हतं. ती त्यानं तिच्या तोंडावर घातली, पुन्हा घातली. तिनं वहिनींना सोडलं आणि त्याच्या दंडाला धरलं. मांस लोंबलं. मग ती त्यालाही सोडून गेली. पळालीसुद्धा नाही, चालत गेली.

मग तुम्ही आलात. रस्त्यावरून तीसचाळीस माणसं, पुढं ट्रॅक्टरवरनं उडी मारलेला तू, हातात पहार. कुणीतरी ओरडलं, "ह्यांनीच सोडलाय बिबट्या, धरा ह्येला!" बिबट्याच्या मागं एक माणूस गेला नाही, दादा. तिला कुणी साधा दगड मारला नाही. सगळे अर्जुनावर तुटून पडले. मी ओरडत होते, "दादा, त्यानंच सोडवलं वहिनीला! त्यानंच!" पहिला घाव तुझा. खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज अजून कानातनं जात नाही.

मला एवढंच विचारायचंय. मी ओरडले ते तू ऐकलंस की नाही?

प्रांजल


मिरज, ११ मार्च

दादा,

मागचं पत्र परत आलं नाही. वाचलंस की फाडलंस, माहीत नाही.

अर्जुना काल दुपारी गेला. तुला वकिलाकडनं कळलं असेलच. आता खुनाचं कलम लागेल.

त्याची आई दगडाबाई जतकडून आली होती. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेली बाई. तो आत होता तेव्हापासून जिन्यातच बसून होती. मी खाली-वर करताना रोज तिच्यासमोरून जायचे. ती कुणाकडं बघत नव्हती. काल यंत्र बंद केलं, ती बाहेर आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"तू भन न्हवं त्येची?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. नर्स धावली, मी तिला नको म्हटलं. दगडाबाईनं पुन्हा हात उचलला, तो तसाच वर राहिला आणि मग खाली आला.

"ऊस कापल्याव जनावर घराकडं येतंय म्हून सांगत दारोदार हिंडला. कशापायी? तुमच्यापायी? तितं उबा तरी कशाला ऱ्हायला त्यो? पळाय येत न्हवतं त्येला?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर माझ्याकडं होतं.

तो दारोदार का हिंडला ते तुला माहीत आहे. माझ्या फजी लॉजिकची तू खूप टिंगल केलीस, पण तेवढीच मदतही केलीस. बांबूला खुणा करून तू उसाची उंची मोजायचास आणि मी लिहून घ्यायचे. 'ऊस दाट आहे' हे वाक्य खरं की खोटं एवढ्यावर माझं गणित थांबत नाही, किती अंशी खरं ते विचारतं. गुडघ्याएवढा ऊस दोन दशांश दाट. डोक्याच्या वर गेला की नऊ. तसंच बिबट्याच्या वावराचं. ठसे, मेलेली शेळी, ओढून नेलेलं कुत्रं, यांवरनं त्यालाही अंश द्यायचे. मग प्रश्न असा, 'जर ऊस दाट, तर वावर जास्त' हा जोडलेला नियम किती अंशी खरा? त्याला सूत्रं पाच-पंचवीस आहेत. पुस्तकात सगळीच शहाणी दिसतात. कुठलं सूत्र खऱ्या शेताला लागू पडतं ते खऱ्या नोंदी लावून बघायचं, आणि एकही पटलं नाही तर नोंदींवरनंच नवीन बांधायचं. माझं सगळं काम एवढंच.

आपल्याच मळ्याचं बघ. ऊस आठ दशांश, वावर तीन. एक सूत्र म्हणालं, नियम निम्मा खरा. दुसरं म्हणालं, तीनच दशांश. एकच मळा, एकच बिबट्या. तू हसून म्हणाला होतास, "मग बिबट्यालाच इचार की, कुठलं पास कराय पायजे."

पण मला खरी चूक सापडली ती मोकळ्या शेतांत. ऊस तुटला, दाटपणा शून्य झाला, की सगळी सूत्रं एका सुरात म्हणतात, नियम पूर्ण खरा. बिबट्या असो वा नसो. कारण नियम फक्त दाट उसाबद्दल बोलतो. मोकळ्या रानाबद्दल तो बोलतच नाही, त्यामुळं तिथं खोटाही पडत नाही. हंगाम संपत आला तसा माझा नियम कागदावर जास्त जास्त खरा दिसायला लागला, आणि ते सगळं खरेपण पोकळ होतं. मी मोकळ्या शेतांचं वजन काढून टाकणारं सूत्र बांधलं. आणि उलटा नियम, 'ऊस नाही तर बिबट्या नाही', वेगळा तपासला. तो सपशेल पडला. तोडणी झाल्या झाल्या गोठ्यांजवळचे हल्ले वाढलेले होते. जनावराचं घर कापलं गेलं, ते जाणार कुठं?

अर्जुनाला हे सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "ताई, म्हंजी वस्तीवरचा बिबट्याचा पिंजरा आता हलवायचा न्हाई?" मी म्हटलं, मुळीच नाही. त्या दिवसापासून तो घरोघर सांगत सुटला. पण गावात शब्द चालतो तो नानासोकाकांचा, आणि त्यांनी चावडीत सांगितलं की ऊस तुटला म्हणजे बिबट्या गेला, आपल्या प्रांजलनंच तसं गणित काढलंय. पिंजरा त्यांनी ट्रॉलीत घालून वरच्या वस्तीला पाठवला.

मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "आगं, ऊसच न्हाई तर लपंल कुठं त्यो?"

मी गंजीबद्दल बोलले होते, दादा. वैरणीच्या गंजीबद्दल.

प्रांजल


सांगली, २ एप्रिल

दादा,

काल नानासोकाका आले होते. चहा नको म्हणाले. पंखा मोठा करायला लावला आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"जबाब बदलाय पायजे, पोरी," म्हणाले. "पन्नास मानसं हुती. कुनाचा घाव कुटं बसला, कोन सांगनार? जयराजनं मारलं आसंल. न्हाई बी मारलं आसंल."

"मी बघितलंय, काका."

"बघितलंस. पर किती बघितलंस? धूळ हुती, वरडा हुता. तुज्या त्या गनितात समदं थोडं-थोडं खरं आसतंय न्हवं? मग कोर्टात बी थोडंच खरं सांग की. भाव हाय तुजा. आई-बाप गेल्यावर त्येनंच शिकिवली तुला."

त्यात खोटं काही नाही. माझं कॉलेज, वसतिगृह, हा सगळा अभ्यास तुझ्या उसावर झाला. ते मी विसरलेले नाही. काका बोलत होते तेव्हा मनात एकदा आलंही, की धूळ होती म्हणावं. धूळ खरंच होती.

पण मग मी त्यांना सांगितलं ते तुलाही लिहिते. ऊस किती उंच हे अंशांनी सांगता येतं, कारण उंच हा शब्दच तसा आहे. कुठं सुरू होतो, कुठं संपतो, कळत नाही. पहार कुणाच्या हातात होती हे तसं नाही. ती सात दशांश तुझ्या हातात आणि तीन दशांश दुसऱ्याच्या, असं नव्हतं. मी आयुष्य धूसर गोष्टींचा हिशेब लावण्यात घालवतेय ते स्पष्ट गोष्टी पुसण्यासाठी नाही.

काका उठले. दारात वळून म्हणाले, "सांगलीच्या हवेनं रगात पातळ झालंय तुजं." आणि जाताना दाराशेजारची कुंडी लाथेनं उडवली. ती जिन्यावरनं खालपर्यंत फुटत गेली. खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली.

आज सकाळी गावाकडनं फोन होता. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "कोर्टात आलीस तर तुजं बी डोस्कं तसंच फुटंल," म्हणाला. मी पोलिसात कळवलंय. आवाज आपल्याच वस्तीवरचा होता, मला ओळखू आला. त्या दिवशी त्यानंही दोन लाथा घातल्या होत्या, अर्जुना पडल्यानंतर.

बिबट्याची मादी अजून फिरतेय. परवा वरच्या वस्तीवर तिनं वासरू नेलं. पिंजरा तिथंच होता, पण त्यात बांधायची शेळी काकांनी कुणाला द्यायला सांगितली, कुणास ठाऊक. पिंजरा रिकामा होता.

वहिनींच्या जबड्याच्या तारा पुढच्या आठवड्यात काढणार. तू एक ओळ जरी लिहिलीस तरी मी त्यांना वाचून दाखवेन. तुझी म्हणून एक ओळ.

प्रांजल


मिरज, १४ एप्रिल

दादा,

तुझी ओळ आली नाही. वहिनी मात्र बोलल्या.

तारा काढल्यावर पहिले दोन दिवस नुसता घोगरा आवाज यायचा. पाणी, उशी, दुखतंय, एवढंच. काल त्यांनी मला जवळ बसवलं. तोंड पूर्ण उघडत नाही, शब्द फुटून येतात. मी सगळं लिहीत नाही. एवढंच लिहिते.

"प्रांजलताई, तुमी वरडलासा त्ये मी ऐकलं."

मला वाटलं त्या बेशुद्ध होत्या. सगळ्यांना तसंच वाटलं.

"डोळ्यात रगात हुतं, दिसत न्हवतं. पर ऐकू येत हुतं समदं. तुमी वरडलासा, त्यानंच सोडवलं म्हून. मग ह्येंचा आवाज आला. अगदी जवळ. हे त्येला म्हनाले…"

त्या थांबल्या. उजव्या डोळ्यातनं पाणी आलं आणि नव्या कातडीवरनं खाली गेलं. त्या भागाला अजून काही जाणवत नाही, त्यांनी ते पुसलंही नाही.

"हे म्हनाले, 'मग आदी का न्हाई आलास?' आन् मारलं."

दादा, मी तुला पहिल्या पत्रात विचारलं होतं, ऐकलंस की नाही. आता विचारत नाही.

तू ऐकलं होतंस. तुला कळलं होतं की यानं माझ्या बायकोला वाचवलंय, आणि तू मारलंस. गर्दीनं सांगितलं म्हणून नाही. बिबट्या सोडल्याची अफवा तर तू कधी खरी मानलीच नव्हतीस, मलाच हसून सांगायचास.

वहिनींना मी विचारलं, हे कोर्टात सांगाल का? त्यांनी मान हलवली. "इचारलं तर सांगीन. पर आदी त्येंच्याशी बोलायचं हाय. त्यो सवाल मलाबी इचारायचाय. त्येंनाच."

त्या संध्याकाळी गोठ्यात तू जाणार होतास. धारा काढायला मी येतो, तू जाऊ नको, असं तू त्यांना सांगून गेला होतास. मग कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर लावून गप्पांत बसलास. म्हैस हंबरायला लागली तेव्हा त्या गेल्या. हे त्यांनी मला सांगितलं. तुझ्याविषयी एकही वाईट शब्द न वापरता सांगितलं, त्यामुळं ऐकवत नव्हतं.

गुरुवारी आम्ही साताऱ्याला येतोय. भेटीची परवानगी मिळाली आहे. भेट नाकारायची तर तुझा हक्क आहे. पण या वेळी नकार माझ्या पत्राला नसेल, दवाखान्यातनं पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या बाईला असेल.

प्रांजल


सांगली, ९ जून

दादा,

तू भेटलास हे बरं केलंस.

मी त्या दिवसाविषयी लिहिणार नव्हते, कारण तू तिथं होतास. पण वहिनी आत जाताना मी दरवाजाशीच थांबले होते, त्यामुळं मला दिसलं ते तुला दिसलेलं नसेल. त्यांचा चेहरा बघून तू मागं सरकलास. जाळीपलीकडं भिंत होती म्हणून थांबलास. त्यांनी तुला विचारलं, "मग आदी का न्हाई आलासा?" फक्त तेवढंच. पहाऱ्यावरचा हवालदारसुद्धा दुसरीकडं बघायला लागला. तू म्हणालास, "ऐकलं हुतं मी. प्रांजल वरडली त्ये ऐकलं हुतं." आणि स्वतःचं कपाळ जाळीवर आपटायला लागलास. हवालदारानं तुला मागून धरलं तोवर रक्त आलं होतं. वहिनी हलल्या नाहीत. "ते नगा करू," म्हणाल्या. "ह्या घरात डोस्की लय फुटली."

परतताना एसटीत रहिमतपूर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता त्येंना जेवान जाईल."

परवा वकिलानं सांगितलं की तू न्यायाधीशांसमोर सगळं सांगायचं म्हणतोयस. ऐकलं होतं, हेसुद्धा. नानासोकाकांनी वकिलाची फी थांबवली असंही कळलं. तू कबूल केलंस तरी मी साक्षीला येणार आहे, वहिनीही येणार आहेत. बाकीच्यांचे हातही त्यात होते, त्यांचीही नावं मी घेणार. ते तुझ्या बाजूनं की विरुद्ध, याचा विचार मी करत नाही. शिक्षा किती होईल ते कुणी सांगत नाही. खूप होईल.

वहिनी आता गावाकडं जायचं नाही म्हणतात. माझ्याजवळच राहतील. तुला भेटायला येत राहतील का, हे मी विचारलं नाही. तूही इतक्यात विचारू नकोस.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, जतला जाऊ. मी भीतभीतच गेले. दगडाबाईच्या घरापुढं बाभळीखाली शेरडं बांधली होती. तिनं आम्हाला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आम्ही अंगणातच बसलो. लोकांनी तिला सांगितलं होतं, गर्दीत चुकून झालं, जयराजला कळलं नाही. वहिनींनी सांगितलं, तसं नाही. कळलं होतं.

"म्हंजी चुकून न्हाई," दगडाबाई म्हणाली.

"न्हाई."

ती शेरडांकडं बघत म्हणाली, "मी आजवर माज्याच पोराला बोल लावत हुते. पळाला का न्हाई म्हून. त्येचं पाय चांगलं हुतं. लांडग्यामागं पळायचा त्यो. हात बी उचलला न्हाई म्हनं त्येनं. का न्हाई उचलला?"

दवाखान्यात मला देता आलं नव्हतं ते उत्तर वहिनींनी दिलं. तुला ते माहीत आहे, दादा, तू समोर होतास. तरी मी ते आजवर कुठल्या पत्रात लिहिलं नाही, हात पुढं जात नव्हता.

वहिनींनी डोक्यावरचा पदर मागं घेतला आणि दगडाबाईला कपाळावरचा व्रण दाखवला. "आई, तुमच्या अर्जुनाचं दोनी हात हितं हुतं. माजी कातडी धरून दाबून बसलं हुतं. पयला घाव बसला तवाबी सोडलं न्हाई. सोडलं आसतं तर मी तितंच सपले आसते."

दगडाबाई उठली. जवळ येऊन बसली आणि तिनं आपला तळवा त्या व्रणावर ठेवला. आम्हाला शेवटची एसटी गाठायची होती, पण मी उठले नाही.

प्रांजल